तळाशी रेनकोट

थोरलीने रेनकोटची घट्ट गुंडाळी केली आणि मुठीने दाबत ती पाठपिशवीच्या अगदी तळाशी ढकलली. त्यावर लोकरीचे मोजे, बनियन, गणवेशाचा दुसरा जोड. पिशवी छान भरली. बाहेरून कुणाला काही कळलं नसतं.

राखीव दलात नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला पिशवी भरायला तीच शिकवायची. आधी लागेल ते शेवटी भरायचं. छावणीत उतरल्या उतरल्या अधिकारी रेनकोट दाखवायला सांगतात; त्यासाठी जिला सगळी पिशवी मैदानात उपडी करावी लागते, तिचं पुढे कित्येक दिवस हसं होतं. धाकट्या जावेला दलात तिनेच ओढलं, अवजड गाडी चालवायला तिनेच शिकवलं. मग धाकटीला मुलगी झाली. सरावाला दोघी गेल्या तर बाळाला कोण बघणार, म्हणून थोरलीने चालकांची तुकडी सोडून घराजवळच्या कोठारात काम मागून घेतलं. आता बोलावणं आलं होतं ते चालकांना. सरहद्दीवर.

"जाऊबाई, झाली का माझ्या पाठवणीची तयारी?" धाकटी दारातून म्हणाली. गणवेश तिला शोभत होता. थोरलीला ते बघवेना.

"झाली. रडायचं तेवढं बाकी आहे."

"तुम्ही रडणार? माझ्यासाठी?"

"पिशवीसाठी. चांगली पिशवी आहे."

धाकटी हसत खुर्चीवर बसून बूट चढवू लागली. तेवढ्यात तिची मुलगी आली आणि आईला ओलांडून थोरलीच्या कुशीत शिरली.

"मोठीआई, माझी मऊ कुठंय?"

मऊ म्हणजे जुन्या दुपट्याचा तुकडा. तो गालाला लावल्याशिवाय पोर झोपत नसे. थोरलीने पलंगाखाली वाकून पाहिलं, वाळलेले कपडे उलटेपालटे केले.

"असेल इथंच कुठंतरी," धाकटी म्हणाली. तिने मान वर केली नाही. बुटाची नाडी मात्र तुटेल इतकी ओढली.

मग ती मुलीला घेऊन शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली. थोरलीने पॉलिशची डबी ठेवायला पिशवीचा बाजूचा कप्पा उघडला. आत एका मोज्यात दुपट्याचा तुकडा कोंबलेला होता.

डबी तिने पलंगावर ठेवली. मग तिने कप्पा होता तसा बंद केला आणि बाकीची पिशवी पलंगावर उपडी केली.

"हे काय? बस येईल आता!" परत आलेली धाकटी दारातच थबकली.

"रेनकोट तळाशी गेला होता."

धाकटी तिच्याकडे पाहत राहिली. "तुमच्याकडून?"

"माझ्याकडून."

धाकटीची नजर बाजूच्या कप्प्याकडे गेली. "तो... तोही उपसलात?"

"तो कशाला? तो तुझा तू भरलायस."

थोरलीने भराभर सगळं परत भरलं आणि रेनकोट सगळ्यात वर ठेवला. बाहेर हॉर्न वाजला. धाकटीने मुलीचे पापे घेतले, पिशवी खांद्यावर चढवली. दारात तिचा हात बाजूच्या कप्प्याच्या बक्कलवर गेला आणि तिथेच राहिला.

"झोपताना फार त्रास दिला हिने, तर..."

"देईल की. तुझीच पोर आहे. जा, बस थांबायची नाही."

बस वळणावर दिसेनाशी झाली, तसा मुलीने थोरलीचा पदर ओढला.

"माझी मऊ?"

"चल, शोधू," थोरली म्हणाली, आणि पुन्हा पलंगाखाली वाकली.