दादांचं पान

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी वेगळं सांगत नाही. सातव्या महिन्यात आईबाप न्यायला येतात आणि मुलगी जाते. माझीही पिशवी भरून तयार होती. पण हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार खाली आहे, रेल्वे नको, बस नको, आता इथंच. मग मी उदगीरला जायच्या ऐवजी उदगीरच आमच्याकडे आलं.

माझा नवरा युवराज आईदादांना आणायला सिकंदराबाद स्टेशनवर गेला होता. रिक्षातून आई उतरली, तिच्यामागून ज्वारीचं पोतं उतरलं, मग तांदळाचं, मग डाळीची गठडी, तेलाचा डबा, रॉकेलचा स्टो आणि शेवटी दादा.

"दादा, घरात तांदूळ आहे की," युवराज पोतं ओढता ओढता म्हणाला.

"असू द्या, जावईबापू. तुमचा तुम्हाला, आमचा आम्हाला."

मला ठाऊकच होतं. आमच्या घराण्यात लेकीला मुलगा होईस्तोवर बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही, आणि बापाबरोबर आईही. आमचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, दादा हैदराबादला येऊन गेले, पण माझ्या घरात चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. तेव्हा निभावलं. आता मात्र ते महिनोन्‌महिने राहणार होते.

आईनं मागच्या व्हरांड्यात स्टो मांडला. आमचा स्वयंपाक गॅसवर, त्यांचा स्टोवर. एकाच हातानं दोन वरणं शिजायची. पाणी दादा वरच्या मजल्यावरून, घरमालक अप्पारावांकडून कळशी भरून आणायचे.

"दादा, टाकी एकच आहे," मी एकदा म्हटलं.

"नळ येगळा हाय न्हवं?"

अप्पारावांना या सगळ्याची भारी गंमत वाटायची. दादांची शाळा निजामाच्या काळात उर्दूतून झालेली, त्यामुळे दोघांचं छान जमलं. जिन्यावर उभं राहून अप्पाराव विचारायचे, "क्या साब, आज किसके घर का पानी पिये?" दादा म्हणायचे, "आपका नमक खारा हूं, साब, बिटिया का नक्को." आणि दोघं हसायचे. मला मात्र हसू येत नसे.

बाकी दादांइतकी तयारी कुणीच केली नाही. बाळाची दुपटी पावसाळ्यात वाळणार नाहीत म्हणून त्यांनी आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. आपली जुनी धोतरं आणली होती, ती उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात घालून, हातानं चोळून इतकी मऊ केली की मीच गालाला लावून बघायची. आई सुलतान बाजारातून डिंक, हळीव, बाळंतशोपा घेऊन आली, तर दादांनी सगळं सुपात ओतून निवडलं. युवराजला दुकानात बघितलेली चाकाची गाडी घ्यायची होती. बाळ यायच्या आधी नवीन काही आणायचं नाही, म्हणून आईनं त्याला गप्प बसवलं.

युवराजची कंपनी तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचे कॉम्प्युटर दुरुस्त करत होती, दोन हजार साल उजाडलं की ते बंद पडू नयेत म्हणून. रविवारीही तो कामावर. पाळण्याचा आकडा छताला बसवायचा तसाच राहिलेला.

"दोन हजार साल यायला लई येळ हाय, जावईबापू," दादा म्हणाले. "लेकरू त्याच्या आधी येतंय. पैला आकडा ठोका."

आकडा शेवटी त्यांनीच ठोकला आणि त्याला स्वतः लोंबकळून बघितलं. अप्पाराव वरून ओरडले, फरशी फुटली का म्हणून विचारायला.

एका दुपारी गयाआत्या आली. दादांची धाकटी बहीण, कुकटपल्लीला राहते. तिचे यजमान, आमचे मामा, तिथल्या कारखान्यात होते. तिला चारी मुलीच. तिच्या मुलींनी घातलेली, धुऊन धुऊन विरलेली कुंची माझ्यासाठी ती घेऊन आली होती.

आत्याच्या घरी लहानपणी आम्ही दरवर्षी जायचो. आम्ही पोरं आत बसून तिच्या हातचं भरपूर खायचो आणि दादा अंगणात खुर्चीवर. आत्या दारात यायची, बोलायची, पदराशी चाळा करायची, पण हातात तांब्या नसायचा. आधी आजोबा तसे बसायचे. ते गेल्यावर, वडिलांच्या जागी आता मी, म्हणून दादांनी नेम पुढे चालवला. आत्याचे केस पांढरे झाले, पण भावाला एक घास वाढता आला नाही.

कुंची माझ्या मांडीवर ठेवून ती दादांकडे वळली. "हिला पोरगी झाली तर काय करणारेस, एकनाथा? हिच्याबी दारात खुर्ची टाकून बसणार?"

दादा हळीव निवडत होते. त्यांनी सूप आणखी जवळ ओढलं.

"मला सवय झाली," आत्या म्हणाली. "ही शिकलेली हाय. हिला न्हाई व्हायची."

"गप गं, गया," आई म्हणाली. "भरल्या घरात काय बोलावं."

पण बोलून झालं होतं, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. मुलगा हवा की मुलगी, असं मी कधी म्हटलं नव्हतं. बाळाला काय हवं ते होवो. मला फक्त माझ्या घरात दादांचं पान मांडायचं होतं, आणि ते पोटातल्या जिवावर अवलंबून असावं, हे मला सहन होत नव्हतं.

मुलगी झाली.

दादा दवाखान्यात बघायला आले तेव्हा डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ तिच्याकडे वाकून पाहत राहिले. "नाक आमच्या गयाचं," म्हणाले. मी वाट बघितली. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

घरी आल्यावर सगळं त्यांनी बांधलेल्या दोऱ्यांवर सुरू झालं. दुपटी, लंगोट, झबली, पुन्हा दुपटी. आई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घाली, दादा विस्तवावर धूप टाकून शेगडी आणून देत. रडायला लागली की तिला उचलून दोऱ्यांखालून फिरवत, प्रत्येक दुपट्याची तिला ओळख करून देत. हे धोतर तुळजापूरला नेसलं होतं, हे तुझ्या आईच्या लग्नात. ती ऐकायची आणि गप्प व्हायची. मी खाटेवरून बघत असे आणि मला इतकं भरून येई की कधी कधी जेवण विसरायची. पण व्हरांड्यातला स्टो रोज पेटत होता. सोयर फिटू दे, आई म्हणायची, मग बघू.

सोयर फिटलं. त्या सकाळी आईनं घर धुतलं आणि स्टो पेटवलाच नाही. एकाच गॅसवर पुरण शिजायला लागलं.

"मी आज हितलं खाणार," ती म्हणाली. "माझी नात हाय. त्यांचं त्यांना ठाऊक."

दादा पहाटेच आंघोळ करून, इस्त्रीचं धोतर नेसून बाहेर पडले होते. कुठं, ते सांगितलं नव्हतं. अप्पारावांनाही माहीत नव्हतं. युवराजनं त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली होती. पानं मांडली, पोळ्या झाल्या, निवल्या. आई उठून दादांची बॅग बघून आली. बॅग जागेवर होती. तरी ती पुन्हा बघून आली.

"तू जेवून घे," युवराज म्हणाला. "पाजायचं आहे तुला."

मी मऊ भात कालवला आणि तसाच ठेवला. त्यांना टाळायचं होतं, हे मला कळून चुकलं होतं. पुरणाचा बेत आधीच कळला असेल, नाही म्हणायला जीव झाला नसेल, म्हणून उठून गेले. बाळाला कुशीत घेऊन मी भिंतीकडे तोंड केलं.

फोन वाजला तेव्हा दुपार कलली होती. युवराजनं उचलला, ऐकलं आणि वायर ताणून माझ्याकडे आणून दिला.

"तिरवेणे," गयाआत्या होती. "तुझा बाप हितं निजलाय. घोरायलाय."

"तुमच्याकडे? कुठं, अंगणात?"

"कुठलं अंगण. माझ्या सैपाकघरात, जेवल्या जागी." नाक ओढल्याचा आवाज आला. "दारात आला आणि म्हणला, गया, लेकीकडं जेवायचं तर आधी तुझ्याकडं जेवून जायला पायजे, न्हाईतर ते बरं दिसत न्हाई. मी म्हणलं, आरं, कळवायचं तरी. घरात नुसतं वांगं हुतं."

आईनं फोनसाठी हात पुढे केला, मी दिला नाही.

"रातचं पान तुझ्याकडं मांड, म्हणलाय," आत्या म्हणाली. "आणि ऐक, बघून वाढ. आयुष्यात पैल्यांदा माझ्या हातचं खाल्लं त्यानं, आणि काय म्हणावं? मीठ कमी हाय म्हणला."