तळवे पुसायचे राहिले

मी एक जुना लाकडी रूळ आहे. लांबीला वीतभर, जाडीला मनगटाएवढा, अंगावर सात खाचा. आठवी दिसते ती खाच नव्हे, भेग आहे. तिची गोष्ट पुढे येईलच. मला लाटणं म्हणू नका, मला राग येतो. मी पाय चोळायचा रूळ. ऐकायला किती निवांत काम, नाही का? पण मित्रांनो, मी जेवढं तेल प्यायलो तेवढाच मार पाहिला, आणि एकदा तर तो मार माझ्याच अंगाने दिला गेला.

माझा जन्मसुद्धा मारामारीतलाच. आधी कुऱ्हाड, मग करवत. मग एका कातारी म्हाताऱ्याने मला दोन्ही टोकांनी टोचून लेथवर आवळलं आणि गरगरा फिरवत पटाशीने सोलून काढलं. मी किंचाळत होतो आणि तो खुशाल शीळ वाजवत होता. शेवटी मला तळहातावर घासून म्हणाला, "झाला बघ गुळगुळीत. आता कुणाला टोचायचा नाही." भाबडा बिचारा!

दुकानातून मला एका आईने उचललं. तिच्या घरी तीनच माणसं : ती, तिची बारा वर्षांची मुलगी भिंगरी आणि बाबा. बाबा बुटांच्या मोठ्या दुकानात कामाला होते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी उकिडवं बसायचं, बूट चढवायचे, उतरवायचे. कुणाला घट्ट व्हायचे, कुणाला सैल. एका साहेबाने तर नको असलेला बूट पायानेच त्यांच्या तोंडावर भिरकावला होता. तिथे ते हूं की चूं करत नसत. ते सगळं गिळून घरी आणत. जिन्यात त्यांची पावलं वाजली की दोघी मायलेकी बोलायच्या थांबत.

"दिवसभर मी जगाच्या पायाशी बसतो," बाबा खुर्चीत बसता बसता म्हणत. "घरात कुणीतरी माझ्या पायाशी बसलंच पाहिजे."

आई बसे. कोमट पाण्याचा टब पुढे ओढी, आधी स्वतःचं कोपर बुडवून बघे. दहा मिनिटं पाय भिजले की बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करी. तेल तळहातांत चोळून गरम करी. एका हाताने घोटा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे दाबत जाई. उजव्या करंगळीजवळ बाबांना एक कुरूप झालं होतं, दुकानातल्या घट्ट बुटांचा प्रसाद. त्याला मात्र ती चुकूनही हात लावत नसे. मग माझी पाळी. तळव्याच्या खळग्यात मी घरंगळलो की बाबांचे डोळे मिटत, जबडा सैल पडे. सगळ्यात शेवटी ती खरखरीत पंच्याने तळवे पुसून काढी. "तेलकट तळव्यांनी माणसाला उभं करायचं नसतं," असं ती रोज म्हणे.

आईची एक समजूत होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, मग तळपायच शांत ठेवले तर? पाय चांगले चोळले तर संध्याकाळ बिनमाराची जाते, असं तिला वाटे. खरं सांगू, मलाही वाटे. मी फुशारून गेलो होतो. हे घर मीच सांभाळतो, अशी माझी ऐट! ज्या दिवशी मार पडे त्या दिवशी आई स्वतःलाच दोष देई. पाणी गार झालं असेल, डावा पाय कमी चोळला असेल. आणि मीही मान डोलवत असे. जो पाय ती लोण्यासारखा मऊ करी, त्याच पायाची लाथ तिच्या बरगडीत बसे, तरी आम्हां दोघांना अक्कल आली नाही.

खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहत. भला माणूस, भिंगरीला पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचे. वर आदळआपट सुरू झाली की खाली त्यांचा रेडिओ मोठा होई.

एका संध्याकाळी पाणी जरा जास्त तापलं. बस्स, एवढंच! बाबांनी टब लाथाडला, मला उचललं आणि आईने डोक्यावर धरलेल्या हातावर हाणलं. तिचं मनगट सुक्या काटकीसारखं मोडलं. मित्रांनो, तो आवाज माझ्या पोटातून आला. त्या दिवशी मला वाटलं, काताऱ्याने मला भट्टीत का नाही घातलं?

प्लॅस्टर चढलं आणि बाबा म्हणाले, "मग आता भिंगरी चोळेल."

आई पांढरीफटक पडली. पण तिने केलं काय? दुपारी उशी मांडून डाव्या हाताने लेकीला शिकवणी सुरू केली! "कोपर बुडव. घोटा सोडू नकोस. कुरुपाला हात लावलास तर बघ."

"पण आई, त्यांना आवडलं नाही तर?"

"आवडलं पाहिजे. नीट केलंस तर काही होत नाही गं."

त्या 'काही होत नाही'ने माझ्या अंगावर काटा आला.

पाच दिवस काही झालं नाही. बाबा खूश! "आईपेक्षा पोरीच्या हाताला गुण आहे." सहाव्या दिवशी दुकानात मालकाने चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला होता. भिंगरीने सगळं नेमाने केलं. कुरुपाला हात लावला नाही, पाणी कोमट, तेल गरम. मी शपथेवर सांगतो, त्या पोरीची तसूभर चूक नव्हती. तरी बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हसलीस का?"

ती हसली नव्हती. लाथ छातीत बसली आणि ती भिंतीवर जाऊन आपटली. स्वयंपाकघरातून आई धावत आली. तोवर बाबांनी मला उचललं होतं. "दाखवतोच तुला," म्हणत ते ताडकन उठले.

तळवे पुसायचे राहिले होते.

फरशीवर पाय सर्रकन निसटले. मी टबाच्या काठावर आदळलो आणि उभा चिरलो. हीच ती भेग. पाठोपाठ मोडल्याचा तोच आवाज आला. या खेपेला बाबांचा घोटा होता. ते गुरासारखे ओरडले.

मी घरंगळत आईच्या पायाशी थांबलो. तिने मला डाव्या हाताने उचललं. बाबांनी दोन्ही हात डोक्यावर धरले, अगदी ती धरायची तस्से. "नको, मारू नकोस," ते म्हणाले. आईची बोटं माझ्याभोवती आवळली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा!

पण ती नुसती म्हणाली, "तळवे पुसल्याशिवाय उठायचं नसतं. किती वर्षं सांगतेय." मग वळून म्हणाली, "भिंगरे, चपला घाल."

जाताना तिने काकांचं दार ठोठावलं. "वर माणूस पडलाय. ॲम्ब्युलन्स बोलवा."

काका गडबडले. "वहिनी, मला तर काही ऐकूच आलं नाही हो."

"रेडिओ बंद केला असता तर आलं असतं," आई म्हणाली आणि चालू लागली. तिच्या पिशवीत मी होतो.

आता आम्ही भिंगरीच्या मावशीकडे राहतो. मावशी शिवणकाम करते. तिच्याच जाड दोऱ्याने माझी भेग बांधलीय. बाबांचा घोटा जुळला. ते काठी घेऊन चालतात आणि निरोप पाठवतात. आई ते तसेच परत पाठवते. ती लाँड्रीत इस्त्री करते. तिचं मनगट अजून पुरतं वळत नाही, आणि दिवसभर उभं राहून पाय भोपळ्यासारखे सुजतात. परवा भिंगरीने टब आणला, तशी आईने पाय झटकन खुर्चीखाली ओढले.

"माझे कशाला गं? मी काय पाय चोळून घेणारी आहे?"

"मग कोण असते तशी?" भिंगरीने तिचा घोटा हातात घेतला. "दुखलं तर सांग."

आई रडायलाच लागली. दुखत नव्हतं तिला. 'दुखलं तर सांग' हे तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "उठू?" भिंगरी म्हणाली, "थांब, तळवे पुसू दे."

मित्रांनो, मला पाण्यात भिजत ठेवू नका, अधूनमधून तेल लावा, हे कुठलाही रूळ सांगेल. मी दुसरंच मागतो. राग पायात नसतो. तो चोळून उतरत नाही. त्या घरात मी सगळं पाहिलं आणि जागचा हललो नाही, कारण मी लाकूड. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. वरच्या मजल्यावर आवाज झाला, तर रेडिओ बंद करा आणि जिना चढा.