पट्टीवरचा हिरवा

सोमवारी सकाळी आलेलं ते पत्र अतिशय सभ्य होतं, आणि त्यामुळेच मॅडमना ते बाजूला सारता येईना. दुसऱ्या एका संस्थेतल्या संशोधकांनी लिहिलं होतं, 'तुमच्या शोधनिबंधात दिलंय तसं आम्ही चार वेळा करून पाहिलं. जमत नाही. आमचंच काहीतरी चुकत असणार. पण लिहायचं काही राहून गेलंय का, तेवढं पाहाल?'

मॅडमचं सगळं काम काचेच्या पट्ट्यांवर चालायचं. केसाच्या जाडीपेक्षा तीनशे पट लहान असे सिलिकाचे गोळे पाण्यात कालवायचे. ते दुधासारखं पाणी चंचुपात्रात घेऊन त्यात काचेची पट्टी उभी ठेवायची. पाणी उडत जातं तसे गोळे काचेवर एकमेकांना खेटून, थरावर थर बसत जातात. ते ओळीत बसले, की पडलेल्या उजेडातला हिरवा तेवढा परत फिरतो आणि रंगाचा थेंबही नसताना पट्टी हिरवीगार दिसते. ओळ मोडली की नुसती दुधी, डागाळलेली काच.

एखादी पट्टी हिरवी कुणालाही साधते. मॅडमच्या निबंधात मात्र पंचविसांतल्या तेवीस पट्ट्या या काठापासून त्या काठापर्यंत हिरव्या होत्या. सगळा दम त्या तेवीस आकड्यात होता.

त्या पट्ट्या त्यांच्या विद्यार्थिनीनं केल्या होत्या. प्रयोगशाळेत तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे, कारण चहात साखर घालतानाही ती चमचा डोळ्यांसमोर धरून बघायची. दीड वर्षापूर्वी पदवी घेऊन ती गेली, आणि आता तिला चार महिन्यांची मुलगी होती.

मॅडमनी वही काढली आणि स्वतः कामाला लागल्या. वहीत लिहिलं होतं तस्सं केलं. पाच दिवसांनी पट्टी बाहेर काढली तर दुधी. दुसऱ्या खेपेला चार पट्ट्या लावल्या. तीन दुधी, आणि एकीच्या कोपऱ्यात नखाएवढा हिरवा.

मग त्यांनी कपाटातला डबा उघडला. त्यात जुन्या हिरव्या पट्ट्या तीनच होत्या. बाकीच्या वीस तोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, अशी वहीत नोंद होती. पण तुकडे तर कधीच टाकून दिलेले. तीन जमल्या आणि तेवीस लिहिल्या, असं झालं असेल तर? हा विचार मनात आला आणि मॅडमना स्वतःचीच लाज वाटली. पण तो काही गेला नाही.

"अगं, तिला सरळ विचार," नवरा म्हणाला. दोन दिवस ताटातलं अन्न चिवडणारी बायको तो बघत होता.

"काय विचारू? खोटं लिहिलंस का, असं?"

"ये आणि एकदा करून दाखव, असं म्हण."

मॅडमनी फोन केला. मोजपट्टी म्हणाली, "येते. शनिवारी येते."

शनिवारी ती आली ती सासूबाईंना घेऊन. त्यांच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. "तुमचं चालू द्या," सासूबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसत म्हणाल्या. "ही उठली की हाक मारीन. तोवर सूनबाईला बाळाची आठवण करून देऊ नका."

आत मोजपट्टीनं हात धुतले, काचा घासल्या, दुधट पाणी मोजून घेतलं. मॅडम बाजूला उभ्या राहून वहीतली एकेक ओळ पडताळत होत्या. कुठेच फरक नव्हता. सहा चंचुपात्रांत सहा पट्ट्या उभ्या राहिल्या. मग तिनं पहिलं पात्र उचललं आणि बोलता बोलता कोपऱ्यातल्या जुन्या ओव्हनकडे गेली. काचसामान वाळवायचा तो ओव्हन रात्रंदिवस चालूच असे. त्याच्या डोक्यावरचा हातमोज्यांचा खोका तिनं खाली काढला आणि पात्र तिथं ठेवलं.

"तिथं का ठेवतेस?" मॅडमनी विचारलं.

"मग कुठे ठेवू? टेबल खालच्या पंपानं थरथरतं. आणि वरून एसीचा झोत येतो."

"नेहमी तिथंच ठेवायचीस?"

"हो. सगळ्याच."

"पण वहीत तर लिहिलंयस, खोलीच्या तापमानाला."

मोजपट्टीनं त्यांच्याकडे पाहिलं. "खोलीतच आहे की, मॅडम."

मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी ओव्हनच्या पत्र्यावर तळहात टेकवला. पत्रा चांगला ऊन होता. थर्मामीटर ठेवला तर पारा सत्तेचाळीसवर गेला. म्हणजे टेबलावर पाणी उडायला पाच दिवस लागत होते आणि तेवढ्यात गोळे तळाशी बसून जात होते. इथं पाणी भराभर उडायचं, आणि गोळे खाली बसण्याआधीच काचेला चिकटायचे.

मॅडम स्टुलावर बसल्या. काही वेळ त्यांना हसू आवरेना. मोजपट्टीचा चेहरा मात्र पडला होता. "माझ्यामुळे तुमचं नाव..." ती म्हणाली.

"नाव कुठे जातंय? चूक तर माझीही आहे. तुझं लिखाण तपासून मीच पुढे पाठवलं." मग त्या म्हणाल्या, "एक सांगते. गेला आठवडाभर मला वाटत होतं, की तू आकडे..."

"ठाऊक आहे. फोनवर तुमचा आवाजच तसा होता. म्हणून तर सासूबाईंना घेऊन आले. एकटीनं यायची छाती झाली नाही."

"चुकलं माझं."

"तुमच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं," मोजपट्टी म्हणाली आणि तिनं उरलेली पात्रं एकेक करून ओव्हनवर ठेवली. तेवढ्यात बाहेरून रडणं ऐकू आलं. ती ओले हात पुसत धावली.

सोमवारी मॅडमनी पट्ट्या बाहेर काढल्या. सहाही हिरव्या होत्या, अगदी काठापर्यंत. एकीला मधोमध बारीक तडा होता, तेवढंच. त्यांनी फोटो काढून मोजपट्टीला पाठवला. उत्तरात आधी 'सहापैकी सहा!' आलं, मग 'तड्याची रुंदी मोजलीत का?'

त्याच दिवशी मॅडमनी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली: पट्ट्या सत्तेचाळीस अंश तापमानाला वाळवल्या होत्या, मूळ निबंधातली नोंद चुकीची आहे. त्या दुसऱ्या संशोधकांनाही त्यांनी सगळं खरं खरं लिहिलं, ओव्हन आणि हातमोज्यांच्या खोक्यासकट.

दहा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. 'आमच्या दहापैकी नऊ जमल्या. आमच्या ओव्हनचं डोकं थंड असतं, म्हणून गरम पाण्याच्या टाकीवर ठेवल्या. आभार.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग दुपारचे चारच वाजले असताना त्या घरी निघाल्या. घरी पोचल्यावर त्या थेट पलंगावर आडव्या झाल्या, आणि नवऱ्यानं जेवायला हाक मारेपर्यंत गाढ झोपल्या.