न संपणारा फेरा

मारेनने लाखेची कोरी तबकडी कडेला धरून यंत्रावर ठेवली आणि मऊ ब्रश तिच्यावरून एकदा फिरवला. फुंकर ती कधीच मारत नसे. फुंकरीत ओल असते. त्रोन्हाइममधल्या या दोन खोल्यांच्या कार्यशाळेत ती दिवसा इतरांची गाणी तबकड्यांवर कोरून देई आणि संध्याकाळी ‘ओले मोजे’ या बँडमध्ये ड्रम वाजवी. आजची तबकडी ‘ओले मोजे’चीच होती.

"शेवटच्या खाचेचं लक्षात आहे ना?" आस्लाकने दारातूनच विचारलं. बँडची गिटार आणि गाणं त्याच्याकडे. डोक्यावरचं सायकलचं हेल्मेटही त्याने काढलं नव्हतं.

"आहे."

"तूवाचं हसू नेमकं त्या फेऱ्यात बसलं पाहिजे हं. नाही तर सगळी मजाच गेली."

"आस्लाक, हे काम माझं आहे. घरी जा."

"जातो बाई, जातो. चिडू नकोस."

एरवी रेकॉर्डच्या शेवटी सुई मधोमध येऊन गप्प होते. या रेकॉर्डची शेवटची खाच स्वतःलाच येऊन मिळणार होती, म्हणजे कुणी हाताने उचलेपर्यंत सुई त्याच फेऱ्यात फिरत राहणार. एक फेरा म्हणजे सव्वा सेकंदाहून किंचित जास्त. तेवढ्यात एक हसू मावतं.

गाणी पाचच होती, आणि एकाचं दुसऱ्याशी नातं नव्हतं. शिवणयंत्राच्या ठेक्यावरचा पोल्का, बोटीच्या धक्क्यांची नावं चर्चमधल्या सुरात म्हटलेली, असलं काहीबाही. बहुतेक तूवाच्या डोक्यातून आलेलं. ती फेब्रुवारीत बँडमध्ये आली, तेवीस वर्षांची, आणि पहिल्याच दिवशी वॉफलचा तवा पिशवीतून काढून म्हणाली, "हा मी वाजवणार." शेवटच्या गाण्यात अंडी फेटायच्या फेटणीने ती तोच तवा वाजवत होती. फेटणी हातून निसटली, थेट मारेनच्या मोठ्या ड्रमवर आदळली, आणि तूवा हसली. ते तसंच ठेवायचं ठरलं, कारण नियमच तसा होता. प्रत्येक गाणं एकदाच वाजवायचं, जे होईल ते राहील. नियम केला होता मारेन आणि आस्लाकने, नऊ वर्षांपूर्वी, बँडमध्ये दोघंच होती तेव्हा.

आणि या नऊ वर्षांत त्यांची प्रत्येक रेकॉर्ड मोठ्या ड्रमवरच्या एकाच ठोक्याने संपली होती. मारेनच्या ठोक्याने. तसं कुणी ठरवलं नव्हतं. म्हणूनच आस्लाकने "या वेळी शेवट तूवाच्या हसण्यावर" म्हटलं तेव्हा हरकत कशावर घ्यावी हे तिला कळलं नाही. ती "छान" म्हणाली होती.

तिने यंत्र चालू केलं. पात्याखालून लाखेची केसाएवढी बारीक काळी दोरी निघून नळीत जाऊ लागली. शेवटचं गाणं आलं तसा तिने स्पीकरचा आवाज पूर्ण बंद केला. टेपवर हसू कुठे सुरू होतं, कुठे संपतं, तिला अंकांनिशी पाठ होतं. हसू सुरू झालं. तिचं बोट बटणावर होतं. हसू संपलं. मग तिने बटण दाबलं.

सूक्ष्मदर्शकाखाली तिने तो बंद फेरा तपासला. खाच जवळजवळ सरळ होती. एके ठिकाणी बारीकशी लहर दिसत होती. खुर्ची करकरली असेल. बाकी शांतता होती, आणि शांततेवर शेवट करण्यात वाईट काय होतं? तिने तबकडी डब्यात घालून कारखान्याकडे पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी नमुन्याची रेकॉर्ड आली. शनिवारी सकाळी तिघं आस्लाकच्या स्वयंपाकघरात जमली. तूवाने वॉफल केले होते, त्याच तव्यात.

"वाद्य खायला घालतेय ही आपल्याला," आस्लाक म्हणाला आणि वॉफलवर तपकिरी चीजचा पापुद्रा ठेवला.

गाणी एकामागून एक गेली. फेटणी निसटली. तूवाचं हसू एकदाच वाजलं आणि निघून गेलं.

मग काहीच नाही. आस्लाकने उठून आवाज वाढवला.

खर्र, खर्र, आणि मध्येच, नाकातून सोडलेला एक छोटा, कोरडा श्वास. हुं.

हुं.

हुं.

"हे काय?" आस्लाक म्हणाला. "हसू कुठाय?"

"फेरा सेकंदभर पुढे गेला," मारेन म्हणाली. "हातून चुकलं."

"तुझ्या हातून?"

मारेनने वॉफलचा एक तुकडा मोडला.

"पण हा आवाज कुणाचा? माझा तर नव्हे," आस्लाक म्हणाला.

"मारेनचा आहे," तूवा म्हणाली. किती वाजले हे सांगावं तितक्याच सहजपणे. "मी काही सुचवलं की येतो. तव्याच्या वेळी आला होता, शिवणयंत्राच्याही वेळी आला होता."

हुं, रेकॉर्ड म्हणाली.

आस्लाकचा हात सुईकडे गेला. "पुन्हा कोरू ना. अजून छपाई कुठे झालीये."

"मी सोमवारीच कोरते," मारेन घाईने म्हणाली. "नवी तबकडी आहे माझ्याकडे. या वेळी बरोबर बसेल."

"नको," तूवा म्हणाली. "जे होईल ते राहील. नियम तुमचाच आहे." तिने मारेनच्या ताटलीत आणखी एक वॉफल वाढला, चीजचा डबा तिच्याकडे सरकवला आणि तवा धुवायला उठली.

नळ सुरू झाला. सुई फिरत होती, मिनिटाला पंचेचाळीस वेळा. मारेन तूवाच्या पाठीकडे पाहत होती. आता ती वळेल, आता हसेल, इतकी हसेल की हातातला तवा पडेल.

हुं.

तूवाने तवा पुसला, खुंटीवर टांगला. मारेन वाट पाहत राहिली.