बिरोबाच्या कुरणातली उडी

मला रिकामी जागा बघवत नाही. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, सुभेदार होऊन घरी आलो आणि पहिल्याच आठवड्यात फडताळापासून गोठ्यापर्यंत सगळं लावून टाकलं. आक्का म्हणाली, "आप्पा, आता आमाला बी लाइनीत हुबं करशील." आक्का म्हणजे रंगुबाई, माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि मी सरहद्दीवर होतो तेवढी सगळी वर्षं घरची मेंढरं तिनं राखली. आमचं दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि एकाही गोष्टीवर एकमत होत नाही.

घर लावून झाल्यावर माझी नजर माळाकडे गेली. माण तालुक्यातलं आमचं गाव दहिवडीपासून बरंच आत आहे. वरच्या अंगाला मैल-दीड मैल नुसता माळ. झाड म्हणाल तर औषधाला नाही. गावानं तीन उन्हाळे श्रमदान केलं, ओढे अडवले, विहिरींना पाणी आलं आणि त्यात माझंही नाव झालं. नाव झालं की माणसाला पुढचं काम सुचतंच. माळावर मशीननं चर मारायचे आणि दहा हजार झाडं लावायची, असं मी ग्रामसभेत मांडलं. टाळ्या पडल्या. झाडाला नको कोण म्हणणार?

आक्का म्हणाली. बायकांच्या घोळक्यातून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाकीच्या माळावर काय करायचं ते करा. बिरोबाच्या कुरणात मशीन घालायचं न्हाई. तिथं तणमोर हाय."

बिरोबाचं कुरण म्हणजे माळाच्या मधोमध देवाच्या नावानं राखलेलं गवत. आमच्या धनगरांची जुनी रीत अशी, की बेंदरापासून दसऱ्यापर्यंत त्या गवतात मेंढरू शिरू द्यायचं नाही. बाहेर मेंढरं दगड चाटेनात का, आत गवत कमरेएवढं उभं. ही रीत मला लहानपणापासून वेडेपणाची वाटायची. मी किती वेळा म्हणालो असेन, "आक्का, गवत फुकट जातंय की गं." त्यावर ती नुसती तंबाखू मळायची.

तणमोराचं नाव मी आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात मादीला भुलवायला गवतातून उड्या मारतो म्हणे. आमच्या पिढीत तो कुणी बघितला नव्हता. माळढोक गेला तसा तोही गेला, असंच सगळे धरून चालले होते. सभेत कुणीतरी म्हणालं, "रंगुबाई, डायनासोर बी असंल बघा तिथं." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

माझी मुलगी अपेक्षा सांगलीला प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करते. रात्रीच्या जेवणानंतर तिला फोन लावला, म्हटलं पोरगी आत्तीला समजावेल. ती उलट किंचाळली. "बाबा, देशातच आता थोडे उरलेत ते! आपल्याकडं तर कित्येक वर्षांत कुणाला दिसला नाही. आत्तीनं नक्की बघितलाय?"

"ती म्हणते खरं."

"मग फोटो हवा. फोटो असला तर वनखातं येईल, मोठी माणसं येतील. नुसत्या शब्दावर मशीन थांबणार नाही."

मला तिचं एवढंच पटलं, की शब्दावर मशीन थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी माळावर फक्कीच्या रेषा मारल्या आणि प्रत्येक चराच्या जागी बांबूला लाल निशाण बांधून रोवलं. चाळीस निशाणं एकट्या कुरणात होती. वाऱ्यावर काय फडफडत होती! लांबून माळ एकदम कामाला लागल्यासारखा दिसला.

सकाळी जाऊन बघतो तर कुरणातली चाळीसच्या चाळीस निशाणं बिरोबाच्या दगडापाशी मोळी बांधून ठेवलेली. मी परत रोवली. दुसऱ्या दिवशी परत मोळी. तिसऱ्या दिवशी पहाटेच गेलो आणि आक्काला निशाण उपटताना धरलं.

"आक्का, ही गावाची कामं हायत. पोरखेळ न्हाई."

"मग पोरासारखं का करतुयास?" तिनं बांबू खाली टाकला. "त्यो बिचारा नवरी बघायला आलाय आणि तू त्याच्या तोंडाफुडं फडकी नाचवतुयास. कसा उडंल त्यो?"

"तुला दसऱ्यानंतरचं गवत पायजे. सरळ सांग की."

हे बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं. आक्काचा चेहरा उतरला. मग ती शांतपणे म्हणाली, "बरं. दोन दिस ही निशाणं काढ. तूच काढ, माज्यावर आळ नगं. दोन दिसांत त्यो न्हाई दिसला, तर मी मेंढरं घिऊन माळावरनं उतरते. पुन्यांदा पाय ठेवणार न्हाई."

माळ सोडला तर आमच्या मेंढरांना दुसरीकडे चारा नाही. माळावरून उतरणं म्हणजे कळप विकणं, आणि कळप विकणं म्हणजे आक्कानं घरात बसून राहणं. तिला घरात बसलेली मी कधी बघितलेली नाही. तरी मी "कबूल" म्हणालो. सुभेदाराचा ताठा, दुसरं काय. चाळीस निशाणं मी स्वतःच्या हातानं काढली.

दोन दिवस मी कुरणाच्या कडेला खडकाआड दुर्बीण घेऊन बसलो. अपेक्षाचे फोनवर फोन येत होते. पहिल्या दिवशी मला दोन ससे दिसले, लावे दिसले, एक खोकड दिसलं. तणमोर काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी गवतातून कुठंतरी बेडूक टर्र टर्र करत होता, तो मात्र थांबायचं नाव घेईना. आक्का लांबून मेंढरं वळवत होती. एकदाही येऊन तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. वडूजहून शाहनवाज जेसीबी घेऊन आला. पस्तिशीचा, कामाला वाघ, गावातले सगळे बंधारे त्याच्याच हातचे. पहिल्या चराला नारळ फोडायचा म्हणून गावातून माणसं निघाली होती.

आक्कानं शब्द पाळला. मेंढरं गोळा केली आणि माळावरून खाली उतरायला लागली. माझ्याजवळून जाताना थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल. ती म्हणाली, "आप्पा, मदनं सुरू करू नगं. गावाच्या कडंनं कर. म्हंजे त्याला वरच्या अंगानं पळून जायला वाट ऱ्हाईल."

एवढं बोलून ती गेली. हरलेलं माणूस असं बोलत नाही. माझ्या डोक्यात तेवढं शिरलं. मी शाहनवाजला हातानं खूण केली. गावाच्या कडेनं.

मशीन दहा-वीस पावलं पुढं गेलं आणि थांबलं. शाहनवाजनं केबिनमधून मान बाहेर काढली.

"साहेब, समोर कायतरी उडतंय."

"लावा असंल. चल पुढं."

"लावा न्हाई हो. एकाच जागेवरनं वर येतंय आन् परत खाली पडतंय. तुमाला खालनं दिसायचं न्हाई. तिथं खोलगट हाय. वर या."

मी पायरीवर पाय देऊन केबिनला लोंबकळलो. गवत, गवत, नुसतं गवत. आणि मग गवतातून एक काळाभोर पक्षी सरळ वर उसळला. माणसाच्या उंचीएवढा वर. पंखांवर पांढरं लखलखलं, कानामागचे बारीक तुरे हलले, टर्र असा आवाज झाला आणि तो पाय खाली सोडून गवतात बुडाला. मोजून अर्ध्या मिनिटानं पुन्हा वर. पुन्हा टर्र. काल संध्याकाळी मी ज्याला बेडूक समजत होतो तोच हा. या फुफाट्याच्या माळावर बेडूक कुठून आला, हा प्रश्न शहाण्या सुभेदाराला पडला नव्हता!

"साहेब, काय करू?" शाहनवाजनं विचारलं.

खरं सांगतो, एक क्षण मन डळमळलं. आम्हा दोघांशिवाय कुणी बघितलं नव्हतं. टाळ्या, रोपांचे ट्रक, नारळ घेऊन येणारी माणसं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नुसतं "चल पुढं" म्हणायचा अवकाश होता.

"बंद कर," मी म्हणालो. "चावी काढ आणि माझ्या हातात दे."

शाहनवाजनं चावी दिली आणि दुसऱ्या हातानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मी पायरीवरून उडी टाकली आणि पळत सुटलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरतायत, चप्पल एक इकडं एक तिकडं. आक्का उताराला लागली होती. मी ओरडत होतो, ती वळत नव्हती. तिला वाटलं असेल, माफी मागायला येतोय.

"आक्का! उडाला गं! त्यो उडाला!"

ती थांबली. वळली. माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिचे डोळे भरले. मी तिला अशी रडताना दाजी गेल्यावर बघितली होती, त्यानंतर आजच. पण आज ती रडता रडता हसत होती.

"किती यळा?" तिनं विचारलं.

"सात यळा मोजला. मग पळत आलो."

"सातावर गप बसायचा न्हाई त्यो," ती म्हणाली, आणि कळपाला अशी हाळी दिली की पुढं गेलेली मेंढरं सगळी एका दमात माघारी फिरली.

पुढचं सगळं जत्रेसारखं झालं. शाहनवाजनं आधी आक्काला हात धरून केबिनमध्ये बसवलं. नव्या नवरीसारखी ती काचेतून बघत होती आणि प्रत्येक उडीला "उठला, उठला" म्हणत होती. नारळवाली माणसं आली, त्यांना मी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग एकेक जण त्या मशीनच्या पायरीवर चढायचा, बघायचा आणि खाली उतरून दुसऱ्याला वर ढकलायचा. डायनासोर म्हणणारा गडी तीनदा चढला. सांगलीला शूटिंग पोचलं, तसा अपेक्षाचा फोन आला. तिच्या किंचाळण्यातून एकच वाक्य कळलं, "बाबा, आत्तीला फोन द्या!" आक्कानं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "व्हय गं बाय, त्योच. मला ठावं हुतं." नारळ बिरोबाच्या दगडावर फुटला.

आठ दिवसांत वनखात्याची माणसं आली, पक्ष्यांचे अभ्यासक आले. देवाच्या नावानं गवत राखलं म्हणून हा पक्षी टिकला, असं त्यांनी आक्कासमोर हात जोडून सांगितलं. ग्रामसभेनं ठराव केला, की कुरणातच काय, माळावर कुठंच चर मारायचा नाही. ठराव मी मांडला. या वेळी टाळ्या आक्काला मिळाल्या. झाडं वाया गेली नाहीत. बांधांवर आणि ओढ्याकाठी लावली, त्यातली पहिली शंभर आक्काच्या सांगण्यावरून आमच्याच बांधाला. "सावली मला बी लागतीया की," ती म्हणाली.

मी एकदा तिला विचारलं, "त्या दिशी त्यो उडाला नसता तर?"

"उडालाच असता. तू निशाणं काढलीस तवाच मी जितले." मग म्हणाली, "फकस्त तू खोटं बोलशील का, एवढंच भ्या हुतं."

दसरा आला. रीतीप्रमाणे त्या सकाळी मेंढरं कुरणात सोडायची. आक्का कळप घेऊन कडेला उभी राहिली आणि मला म्हणाली, "आदी तू जा आत. जागा रिकामी हाय का बघून ये."

मी आत गेलो. पाय जपून टाकत सगळं कुरण पालथं घातलं. मधोमध गेलो तेव्हा गवत हललं आणि मातकट रंगाची मादी मान उंच करून माझ्या पुढून चालत गेली. तिच्या मागं दोन पिल्लं होती, तिच्याच रंगाची, तिच्या निम्म्याएवढी. मी जागच्या जागी उभा राहिलो. ती तिघं वरच्या अंगाच्या गवतात दिसेनाशी होईपर्यंत हललो नाही.

बाहेर आलो. मेंढरं गवताकडं बघून बें बें करत होती.

"आक्का," मी म्हणालो, "यंदा दिवाळीपतूर थांबू या का?"

तिनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "गवत फुकट जाईल की रं."

"जाऊ दे," मी म्हणालो, आणि मेंढरं वळवायला मीच पुढं झालो.