राहून गेलेली काळी नळी

मित्रांनो, मी एक जुनी काळी नळी आहे. नळी म्हटलं की तुम्हाला पाणी आठवेल, पण माझ्यातून पाण्याचा थेंबही कधी गेला नाही. मी प्लॅस्टिकची, अंगभर वळ्या असलेली, एका बाजूने उभी चिरलेली. त्या चिरेतून वायर आत सरकवायची आणि मी तिला पोटाशी धरायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

एका वायरमनने मला मोठ्या वेटोळ्यातून कापून घेतलं ते एका ट्रकसाठी. ट्रक ड्रायव्हरच्या स्वतःच्या मालकीचा होता. तो आणि त्याची बायको, दोघंच माल पोचवत फिरायचे. उकाड्यात तिला दम लागायचा, म्हणून त्याला केबिनमध्ये पंखा बसवून हवा होता.

पंख्याची वायर बॅटरीपासून इंजिनाच्या शेजारून जाणार होती. वायरमन म्हणाला, "दादा, गाडीच्या मूळ वायरींची जागा ठरलेली असते. ही आपण मागून घातलेली, हिला कोणी वाली नाही. हिला अंगभर कपडे घालूनच आत सोडायचं."

त्याने मला वायरीवर चढवलं, टेप गुंडाळली आणि तापणाऱ्या पाइपापासून लांब क्लिपांनी बांधलं. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. वायर सोलून कुठे पत्र्याला टेकली, तर फ्यूज आधी जळणार आणि गाडी वाचणार.

सहा वर्षं मी तिथे काढली. धग, तेल, चिखल, सगळं सोसलं. शेजारच्या पत्र्याची धारदार कड दिवसभर मला घासायची. कौतुक मात्र पंख्याचं! मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण ड्रायव्हरच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, बोलणं मला आतून ऐकू यायचं आणि माझा दिवस बरा जायचा. त्या रस्ताभर बोलायच्या. ड्रायव्हर वाट चुकला की म्हणायच्या, "चुकलात ते बरंच झालं. माझं सांगून अजून व्हायचंच होतं."

एकदा पाण्याचा पाइप गळायला लागला. वायरमन गावाला गेला होता, म्हणून ड्रायव्हरने वायरमनच्या अंगणात स्वतःच दुरुस्ती केली. हात आत जाईना, तेव्हा त्याने मला काढून वायरमनच्या घराच्या खिडकीत ठेवलं.

"अहो, ती नळी राहिली की," वहिनी म्हणाल्या.

"माल पोचवून आलो की बसवतो. वायर काय पळून जाते?"

वायरमन परत आला, मला पाहून त्याने लगेच फोन केला. "या खेपेनंतर येतोच," असं उत्तर मिळालं. असे तीन फोन झाले. मी खिडकीतच होते.

मग एक दिवस ड्रायव्हर पायी आला. उजव्या हाताला बँडेज होतं.

"पत्र्याच्या कडेने वायर सोलली, मिस्त्री," तो म्हणाला. "दोनदा फ्यूज उडाला. पंखा बंद पडला की तिचा जीव घाबरा व्हायचा. तिसऱ्या वेळी मी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली. चढावर केबिन धुराने भरली. तिच्या बाजूचं दार लवकर उघडेना. गाडी जळून गेली. ती वाचली, पण छातीत धूर बसलाय."

वायरमनने मला खिडकीतून उचललं. "मीच येऊन बसवायला हवी होती."

"तुम्ही असंच म्हणणार, हे तिने ओळखलं होतं. म्हणून मला पाठवलंय. 'मिस्त्रींना सांगा, त्यांची काही चूक नाही.'" ड्रायव्हर पुढे म्हणाला, "एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं."

मित्रांनो, मी धडधाकट आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते. झिजायचं होतं ते मी झिजायला हवं होतं.

तुमच्या घरच्या गाडीत कुणी नवी वायर घातली, तर मोठ्या माणसांना बॉनेट उघडायला लावा. वायर उघडी आहे का, कुठे घासते का, ते त्यांना बघू द्या. फ्यूज उडाला तर का उडाला, ते आधी शोधायला सांगा. कुणी 'नंतर बसवू' म्हणालं, तर खुशाल हट्ट करा. मला बसवायला पाचच मिनिटं लागतात.

वायरमन अधूनमधून त्यांच्या घरी जाऊन येतो. तो सांगतो, हल्ली दिवसभर ड्रायव्हरच बोलत असतो आणि वहिनी ऐकतात.