गाजराची पुंगी

सहा सप्टेंबरला सकाळी जपानच्या राजघराण्यात मुलगा झाला आणि संध्याकाळी त्याचे चटके तिथल्याच फुनाबोरीतल्या एका मराठी घराला बसले.

मैथिली ऑफिसातून आली तेव्हा गणपतीसाठी मुंबईहून आलेले तिचे सासरे, रविकांत, टीव्हीसमोर बसले होते. जपानी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलगा झाल्याचा आनंद कळायला भाषा कशाला लागते?

"चाळीस वर्षांनी, मैथिली! चाळीस वर्षांनी वंशाला दिवा लागला," ते म्हणाले. जणू पेढे यांनाच वाटायचे होते.

याच रविकांतांनी गेल्या वर्षी मुंबईहून फोन केला होता. तेव्हा सम्राटाच्या घरी नातीच होत्या आणि कायदा बदलून मुलीला गादी द्यावी, असं सरकारातच घाटत होतं. "राजे लोक करताहेत, मग आपण का नाही? कुळाचे टाक ज्ञानदाचे," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. कुलदैवतांचे ते चांदीचे टाक थोरल्या मुलाकडे असायचे, म्हणून मैथिलीच्या नवऱ्याबरोबर, प्रतापबरोबर, जपानला आले होते. प्रताप सकाळीच गाडी पकडायला पळायचा, पूजा राहून जायची. दहा वर्षांच्या लेकीनं, ज्ञानदानं, ती अंगावर घेतली. देवनागरी धड वाचता येत नसताना आजोबांकडून फोनवर ऐकून ऐकून तिनं सगळं अथर्वशीर्ष पाठ केलं. एकेक टाक पुसून, गंध लावून, मगच ती जपानी शाळेचं दप्तर उचलायची. 'आमच्याकडे नाही हो मुलगा-मुलगी असलं काही,' असं मैथिली चारचौघींत मिरवायची. फार बोलून गेली बिचारी.

चैत्रात ठाण्याला धाकट्या दिराला, नरेंद्रला, मुलगा झाला. ओजस. टाकांचा विषय कुणी काढला नाही, आणि मैथिलीनं तेच शुभलक्षण मानलं.

राजपुत्र जन्मला त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. बाल्कनीतल्या बादलीत गणपतीचं विसर्जन झालं. रविकांत आत आले आणि देव्हाऱ्यातले टाक लाल फडक्यात बांधू लागले.

"बाबा, हे काय?"

"परवा जातोय ना मी. ओजसकडे नेतो. कुळाचं कुळात राहिलं पाहिजे."

"तुम्हीच शब्द दिला होता ज्ञानदाला."

"तेव्हा मुलगा नव्हता, मैथिली. इथल्या राजे लोकांनी बघ, घरात दिवस गेल्याचं कळताच कायदा गुंडाळून ठेवला. इतक्या पिढ्यांचं राजघराणं, त्यांना काही कळत नसेल का?"

मैथिलीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मोबाइलमध्ये पाहत होता.

"जाऊ दे ना, मैथिली," प्रताप म्हणाला. "इट्स ओन्ली सिल्व्हर."

"म्हणजे माझी पोरगी गाजराची पुंगी! वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली!"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. सासऱ्यांपुढे तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

रविकांत मात्र रागावले नाहीत, आणि तिचा जीव जळला तो त्यामुळेच. त्यांनी ज्ञानदाला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला.

"नरेंद्रला काही येत नाही गं यातलं. ओजस बोलायला लागला की फोनवरून तूच शिकव त्याला सगळं. शिकवशील ना, बाळा?"

ज्ञानदानं रिकाम्या देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग शाळेत बाईंपुढे वाकते तशी वाकून म्हणाली, "हो, आजोबा."

मैथिलीला लेकीच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. मोठ्यांना उलट बोलू नये, हे तिनंच तर शिकवलं होतं.